ओला जांभा, लाल चिखल आणि चाकाची पकड: आंबोलीतून टायरचा इतिहास

(एपिसोडचं ट्रान्सक्रिप्ट. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बेसिकली' जमेल तेवढे काढलेत. तरी राहिले असतील तर सांभाळून घ्या.)

आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण यात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज हिरो आहे टायर. सायकलचा टायर. आणि जागा आहे आंबोली, भर जुलै महिना.

आधी एक कबुली देतो. मागच्या पावसाळ्यात मी आणि माझा मित्र आंबोलीला एमटीबी घेऊन गेलो होतो. माझं आजोळ सावंतवाडीचं, त्यामुळे 'मला तिथलं सगळं माहितीये' असा एक माज होता. निघताना मित्राने विचारलं, "अरे, हवा किती भरू?" मी म्हणालो, "टाक पंचेचाळीस पीएसआय. टाइट असलेलं बरं, पंक्चर होत नाही." त्याने ऐकलं. चौकुळच्या दिशेला एका कच्च्या वाटेवर ओल्या जांभ्याच्या दगडावरून त्याचं पुढचं चाक सरकलं. सरकलं म्हणजे किती? एक सेकंदसुद्धा नाही. कॉलरबोन तुटलं. सहा आठवडे हात गळ्यात. त्याच्या आईने मला फोनवर एकच प्रश्न विचारला, "तू बरोबर होतास ना रे?"

होतो. आणि हवेचा आकडा माझाच होता.

त्यानंतर बरेच महिने मी टायरबद्दल मिळेल ते वाचत बसलो. इंजिनिअर माणूस, गिल्ट आलं की रिसर्च करतो. त्यातून जे हाती लागलं तो आजचा एपिसोड. एका वाक्यात सांगायचं तर, माणसाने आधी चाकासाठी रस्ता बदलला, मग रस्त्यासाठी चाक बदललं, आणि आजही चांगला टायर निवडायचा म्हणजे आपल्या पायाखालची जमीन ओळखायची.

आधी जमीन बघू

आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर. वर्षाचा पाऊस ढोबळमानाने ७००० मिलीमीटरच्या घरात. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे पडतो. म्हणजे पुण्याच्या दहा वर्षांचा पाऊस आंबोलीत एका सीझनमध्ये. आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत.

हा पाऊस पडतो जांभ्यावर. कोकणातल्या माणसाला जांभा समजावून सांगायला नको, आपली घरं त्याच्याच चिऱ्यांची. पण त्याचं इंग्रजी नाव 'लॅटराइट' कुठून आलं ते मजेशीर आहे. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने केरळात फिरताना लोक हा दगड जमिनीतून विटांसारखा कापून काढतात हे पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटिनमधल्या विटेवरून नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट.

कोरडा जांभा खरखरीत असतो. त्यावर चाक मस्त धरतं. पण जूनमध्ये चार-पाच जोरदार सरी झाल्या की त्याच दगडावर शेवाळ येतं आणि तो साबणासारखा बुळबुळीत होतो. त्याच्या शेजारी लाल माती, तिचा चिकट चिखल. त्यावर कुजलेला पाला, आणि मधूनच झाडाची उघडी मुळं. म्हणजे एकाच किलोमीटरमध्ये तुम्हाला चार वेगवेगळे पृष्ठभाग भेटतात, आणि प्रत्येकावर टायरने वेगळं काम करायला हवं असतं.

चाकासाठी रस्ता

आता थोडं मागे जाऊ. घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात माल न्यायचा आणि तिथून वर बेळगावकडे आणायचा, ही जुनी गरज. रस्ता नव्हता तेव्हा लमाणांचे बैलांचे तांडे पाठीवर ओझी घेऊन घाटवाटा चढायचे. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, चिखलात तो थोडा फाकतो, ओझं जास्त जागेवर पसरतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे. आणि दगडी वाटेवर झिजू नये म्हणून आपल्याकडे बैलाच्या खुराला लोखंडी पत्री मारतात. म्हणजे चिखलासाठी खूर, दगडासाठी पत्री. टायरवाल्यांच्या आधी हा प्रश्न शेतकऱ्याला माहीत होता.

मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी वेंगुर्ला ते बेळगाव असा घाटरस्ता चांगला बांधून काढला. दक्षिणेतल्या लष्करी छावण्यांना बंदरातून सामान पोचवायचं होतं. आंबोली या वाटेवरचा मुक्कामाचा टप्पा. पुढे सावंतवाडीचे पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांनी तिथे थंड हवेचं ठिकाण वसवायला हातभार लावला.

इंजिनिअरिंगच्या नजरेने बघा. पायवाट सरळ चढते, गाडीरस्ता वळसे घेत चढतो. का? कारण बैलगाडीचं चाक. तुंबा, आरे, पाटे आणि बाहेरून लोखंडी धाव. लोहार ती धाव तापवून चाकावर चढवायचा, पाणी ओतलं की ती आवळून बसायची. भन्नाट टेक्नॉलॉजी, पण पकड जवळपास शून्य. लोखंड वाकत नाही, दगडाचा आकार घेत नाही. शिवाय अरुंद धाव ओल्या मातीत सुरीसारखी कापत जाते आणि चाकोऱ्या पडतात. त्यामुळे सगळी मेहनत रस्त्यावर: चढ कमी करा, खडी ठोका, कडेने गटार काढा, मोऱ्या बांधा, पाणी रस्त्यावर थांबू देऊ नका. चाक मूर्ख होतं म्हणून रस्ता हुशार करावा लागला.

मग १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडलं गेलं आणि वेंगुर्ल्याच्या वाटेचं महत्त्व कमी व्हायला लागलं. आणि योगायोग बघा, नेमक्या त्याच वर्षी बेलफास्टमध्ये एक जनावरांचा डॉक्टर चाकाला हुशार करत होता.

रस्त्यासाठी चाक

त्याचं नाव जॉन बॉइड डनलॉप. मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार आदळायची, म्हणून त्याने रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाला गुंडाळली. १८८८ मध्ये पेटंट घेतलं. १८८९ मध्ये विल्यम ह्यूम नावाचा सायकलपटू बेलफास्टच्या शर्यतींत हे 'फुगे' लावून उतरला आणि जिंकला.

पण ट्विस्ट असा की, ही कल्पना आधीच पेटंट झाली होती! रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. तेव्हा सायकलीच नव्हत्या, त्यामुळे लोक विसरून गेले. डनलॉपचं पेटंट त्यामुळे रद्द ठरलं. आपल्याकडे कोडिंगमध्ये म्हणतात ना, बग आधीच कोणीतरी सोडवलेला असतो, फक्त आपण शोधत नाही. तसंच.

पुढे १८९१ मध्ये मिशलिनने पटकन काढता-घालता येणारा टायर आणला. आणि हवेच्या टायरने जग बदललं, कारण हवा दबते आणि टायर जमिनीचा आकार घेतो. इथे एक साधा भागाकार आहे. चाकावरचं वजन भागिले टायरमधला दाब, म्हणजे जमिनीला टेकलेलं क्षेत्रफळ, अंदाजे. पंचेचाळीस पीएसआयचे बावीस केले की टेकणारी जागा जवळपास दुप्पट होते. लाखो रुपयांच्या सायकलीत सगळ्यात स्वस्त अपग्रेड हा आहे, तो फुकट आहे, आणि तो मी मित्राला उलटा सांगितला होता.

आपल्या बैलगाडीनेही हे स्वीकारलं. लोखंडी धाव जाऊन हवेची चाकं आली. लोक त्या गाडीला सरळ 'डनलॉप गाडी' म्हणायला लागले. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊस वाहणारी 'टायरगाडी' तुम्ही पाहिली असेलच. नाव कंपनीचं, गाडी आपली.

खाचा कुठून आल्या?

सुरुवातीचे टायर गुळगुळीत होते. आणि रंगही काळा नव्हता, कारण रबराचा चीक मुळात पांढरा. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेने रबर टिकाऊ केलं, आणि १९१० नंतर काजळी मिसळायला लागल्यावर टायर काळे आणि जास्त मजबूत झाले. हा चीक आता आपल्याला परका नाही बरं का. आंबोलीखाली उतरून दोडामार्गाच्या बाजूला गेलात तर रबराच्या बागा दिसतात, झाडाला तिरका काप आणि खाली बांधलेली वाटी.

गाड्या वेगाने पळू लागल्या तशा ओल्या रस्त्यावर घसरूही लागल्या. १९०८ च्या सुमारास अमेरिकेतल्या फायरस्टोनने टायरवर चक्क 'फायरस्टोन नॉन स्किड' ही अक्षरंच उठावात कोरली. ग्रिपही मिळाली आणि चिखलात जाहिरातही छापली गेली! मार्केटिंगवाल्यांना हे ऐकवायला हवं.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट जॉन साइपची. असं सांगतात की तो कत्तलखान्यात काम करायचा आणि ओल्या फरशीवर सारखा घसरायचा. त्याने बुटाच्या रबरी तळव्याला सुरीने बारीक चिरा पाडल्या. पाय टेकला की चिरा किंचित उघडतात आणि प्रत्येक चिरेची कडा फरशीला पकडते. १९२३ मध्ये त्याला पेटंट मिळालं. आजही टायरच्या गुटख्यांवर (म्हणजे त्या उठावाच्या ठोकळ्यांवर, खायचा नव्हे!) ज्या बारीक रेघा असतात त्यांना 'साइप'च म्हणतात. ओल्या दगडावर त्या रेघा कामाला येतात.

कॅलिफोर्नियाची धूळ

आता माउंटन बाइक. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिन काउंटीत काही पोरं जुन्या जाड टायरच्या श्विन सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायची. ऑक्टोबर १९७६ मध्ये तिथे 'रिपॅक' नावाची शर्यत सुरू झाली. नाव का? एकदा उतरलं की मागच्या हबमधलं ग्रीस ब्रेकच्या उष्णतेने जळून जायचं, आणि हब उघडून परत ग्रीस भरावं लागायचं. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची, चार्ली केली ही मंडळी त्यातलीच. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर आली आणि माउंटन बाइक दुकानात पोचली. आपल्याकडे नंतर जी जाड टायरची सायकल आली तिला गावात आजही सगळे 'रेंजर' म्हणतात, कंपनी कुठलीही असो.

इथे माझा मुद्दा येतो. या सायकलचा जन्म झाला तो कॅलिफोर्नियातल्या कोरड्या उतारांवर. धूळ, सुटे खडे, कडक माती. तिथे जे टायर चालले तेच पहिल्यांदा जगभर गेले. पुढे ब्रिटन, बेल्जियम, फ्रान्सच्या चिखलातल्या लोकांनी आपापले उंच आणि लांब-लांब गुटख्यांचे टायर मागितले. प्रत्येक टायर कुणाच्या तरी मातीसाठी बनलाय. त्याच्यावर 'आंबोली, जुलै' असं कुठेच लिहिलेलं नसतं. ते आपल्यालाच वाचायचंय.

मग आंबोलीसाठी काय?

आता प्रॅक्टिकल भाग. स्क्रीनशॉट काढायचा तर इथे काढा.

पहिली गोष्ट: चिखल आणि ओला दगड हे दोन वेगळे शत्रू आहेत. चिखलाला उंच गुटखे लागतात, आणि त्यांच्यात मोकळी जागा, म्हणजे चिखल अडकून न राहता फेकला जातो. बैलाचा खूर आठवा. ओल्या दगडाला मात्र मऊ रबर लागतं आणि जास्त कडा. उंच गुटखा कडक दगडावर वाकतो, डुलतो, आणि टेकतं कमी रबर. म्हणून 'पाऊस आहे ना, मग मड टायर घे' हा सल्ला आंबोलीत अर्धाच खरा. भातशेतीच्या चिखलात तो राजा, जांभ्यावर तोच घसरगुंडी. आपल्याला मधला टायर हवा: मध्यम उंच गुटखे, कडेचे गुटखे दणकट, वर साइपच्या रेघा. रुंदी २.३ ते २.४ इंच, फ्रेममध्ये चिखलाला जागा उरेल एवढीच.

दुसरी गोष्ट, आणि हीच लोक विसरतात: डिझाइनपेक्षा रबर महत्त्वाचं. रबराचा कडकपणा 'ड्युरोमीटर'ने मोजतात. अंक जेवढा कमी तेवढं रबर मऊ. जुन्या मॅक्सिस टायरवर '६०ए' किंवा '४२ए' असं छापलेलं असायचं. बेचाळीसवालं डाउनहिलचं चिकट रबर. आता कंपन्या नावं देतात. मॅक्सिसचं 'मॅक्सटेरा' मधलं आणि 'मॅक्सग्रिप' सगळ्यात मऊ. श्वाल्बेच्या 'अ‍ॅडिक्स'मध्ये 'सॉफ्ट' आणि 'अल्ट्रा सॉफ्ट'. त्यामुळे एकाच नावाचा, एकाच डिझाइनचा टायर दोन वेगळ्या रबरांत मिळतो, आणि ओल्यात दोघांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. फोटो बघून ऑर्डर करू नका, रबराचं नाव वाचा. नव्या सायकलबरोबर जो टायर फुकट येतो त्यात बहुतेक वेळा कडक रबर असतं, कारण तो जास्त किलोमीटर टिकतो.

तिसरी: बजेट एकाच टायरचं असेल तर चांगला टायर पुढे लावा. मागचं चाक घसरलं तर सायकल शेपूट हलवते, बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचं घसरलं तर तुम्ही आणि जमीन, मध्ये कोणी नाही. मऊ रबर लवकर झिजतं, पण पुढे ते मागच्यापेक्षा हळू झिजतं. म्हणून पुढे मऊ, मागे मध्यम.

चौथी: हवा. ट्यूब असेल तर फार कमी करता येत नाही, दगडावर रिम आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात. ट्यूबलेसने हा प्रश्न बराच सोडवला. माउंटन बाइकसाठी मॅविक, हचिन्सन आणि मिशलिन यांनी १९९९ मध्ये एकत्र येऊन 'यूएसटी' हे ट्यूबलेस स्टँडर्ड आणलं. चिमटायला ट्यूबच नाही म्हटल्यावर हवा कमी ठेवता आली, आणि ओल्यातली पकड एकदम सुधारली. माझं वजन साधारण सत्तर किलो. मी ट्यूबलेसवर पुढे २१, मागे २४ पीएसआय ठेवतो. ट्यूब असताना पुढे २७, मागे ३०. हे माझे आकडे. तुमच्या वजनाप्रमाणे दोन-दोन पीएसआयने कमी करत बघा. रिम दगडावर आपटू लागली किंवा वळणात टायर लटपटला, तर थोडं वाढवा. आणि साइडवॉलवर जी मर्यादा छापलीय ती वाचा.

हे सगळं मी महिनोन्‌महिने वाचून शिकलो. यंदा परत आंबोलीला गेलो तेव्हा बाजारात एका पंक्चरवाल्या काकांनी माझ्या मागच्या चाकावर अंगठा दाबला. रस्त्याने येताना मी मुद्दाम हवा जास्त ठेवली होती. ते म्हणाले, "वारो खूप भरलस रे झिला. दगडार चाक बसाक होया." झालं. थॉमसनपासून मिशलिनपर्यंतचा सगळा इतिहास दोन वाक्यांत.

आणि जिथे टायर चालत नाही

दोन गोष्टी कुठल्याच टायरने सुटत नाहीत.

एक, शेवाळलेला उताराचा दगड आणि ओली मुळं. तिथे बाजारातला सगळ्यात मऊ टायरही हात वर करतो. तिथे तंत्र: आधीच वेग कमी करा, दगडावर ब्रेक धरू नका, सायकल तिरकी करू नका, मुळाला शक्य तितकं काटकोनात ओलांडा. आणि जमत नसेल तर उतरून चाला. चालण्यात कमीपणा नाही. माझ्या मित्राला मी हे सांगायला हवं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे सडा. पठारावरचा उघडा जांभा बघून पाय शिवशिवतात, मला माहितीये. पण आंबोलीचा टोड हा छोटा भेक याच जांभ्याच्या पठारावर राहतो आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला तिथल्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. तो आंबोलीच्या परिसराबाहेर फारसा कुठे सापडत नाही. बोटभर खोल डबकं तुमच्या चाकाला काहीच नाही, त्याच्यासाठी ते अख्खं बाळंतघर आहे. उंच गुटख्यांचा टायर ओल्या सड्यावरची मातीही उखडतो, आणि तिथे माती आहेच किती? म्हणून वाट असेल तिथेच चालवा, गाववाल्यांना विचारून चालवा, वनखात्याच्या हद्दीत परवानगी घ्या. आणि मुख्य घाटात शनिवार-रविवारी धुकं, धबधब्याची गर्दी आणि दरडीचे दगड असतात, तिथे उतरायची हौस करू नका.

घाटरस्ता बांधणाऱ्यांनी पाण्याला वाट करून दिली म्हणून तो रस्ता टिकला. आपणही वाट बघून चाक ठरवू.

मित्राचं कॉलरबोन आता जुळलंय. गेल्या महिन्यात त्याने मेसेज केला, "जुलैमध्ये आंबोली?" मी लगेच हो म्हणालो नाही. आधी त्याच्या सायकलला पुढे मऊ रबराचा टायर बसवला, ट्यूबलेस केलं, आणि हवा मी स्वतः भरली. मग त्याच्या आईला फोन केला. त्या म्हणाल्या, "यावेळी चालत जाल का रे जरा?" म्हटलं, "काकू, जिथे लागेल तिथे नक्की."

तर मंडळी, आज एवढंच. तुमच्या गावची माती कुठली, काळी की लाल की मुरमाड, आणि पावसात तिच्यावर तुम्ही कुठला टायर, किती हवेवर चालवता, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. निवडक नोट्स पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला ऐकवतो. तोपर्यंत हवा तपासा, हेल्मेट घाला, आणि भेटूच!